लोझी पोरीने केलेली माझी सेवा

सिकालुंडा मिशनच्या खालची वस्ती,
ऑक्टोबर, उन्हाचा कहर

माझ्या थोरल्या ताईस,

धाकटीने थोरलीला लिहायचं म्हणजे आधी गुडघे टेकून टाळ्या वाजवायला हव्यात, ते मी विसरलेली नाही. पण गुडघे टेकले तर पुन्हा उभं करायला घरात कोणी नाही, म्हणून खाटेवर बसूनच टाळ्या वाजवते आहे, त्या गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? तुझ्या मुलाची, मझुबाची नोकरी टिकली का, की या वेळीही साहेबाचंच चुकलं? तुझ्या सुनेला आशीर्वाद सांग. (फोनच केला असता. पण फोन नेहमी तीच उचलते, आणि 'ताईला दे' म्हटलं की 'त्या झोपल्यात' म्हणते. दिवसातून इतक्या वेळा एक तर तान्ही मुलं झोपतात नाही तर मेलेली माणसं. तू दोन्ही नाहीस असं धरून पत्र लिहिते आहे.) आमच्याकडे आंबे अजून कैरीच आहेत, शेळ्या बऱ्या आहेत, आणि माझी सेवा झाली. त्या सेवेबद्दलच सांगायचं आहे. एक पोरगी माझ्याकडून जाऊ नये म्हणून मी भर सभेत काय केलं, ते तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं.

मिशनच्या शाळेतल्या जेझुइट फादरांचं खूळ तुला ठाऊकच आहे. तिथे ज्या पोराला पुढारी व्हायचं आहे, म्हणजे हेडबॉय, हेडगर्ल, नाही तर साधं प्रिफेक्ट, त्याने भाषणं ठोकायची नाहीत. आधी दोन टर्म दर रविवारी खालच्या वस्तीत येऊन कोणा म्हाताऱ्या माणसाचं पडेल ते काम करायचं. मग सप्टेंबरात आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना बैलगाड्यांत घालून शाळेत नेतात आणि भर हॉलमध्ये एकेकाला उभं करून विचारतात, की सांगा, हे पोर कसं आहे. मत पोरंच देतात, पण आमचं ऐकून. ज्याला दुसऱ्याचं ताट वाढता येत नाही त्याने हुकूम सोडू नये, असं फादर डोनल म्हणतात. (तेच ते लाल कानांचे. आता केस पांढरे झालेत, कान अजून लालच आहेत, आणि टोंगा भाषा आपल्या शहरात वाढलेल्या पोरांपेक्षा चांगली बोलतात, शिव्यांसकट.) ऐकायला सगळं गोड वाटतं. पण ताई, सेवा करणाऱ्याचं पुण्य सगळे बघतात, करून घेणाऱ्याचे हाल कोणी बघत नाही. पलीकडच्या हामूंगा म्हाताऱ्याचंच घे. त्याच्याकडे चुकून दोन जोड्या नेमल्या गेल्या. सकाळच्या पोरांनी त्याला आंघोळ घातली, दुपारच्या पोरांनी पुन्हा घातली. तो 'झाली रे माझी, झाली' म्हणून ओरडतोय, तर ती एकमेकांकडे बघून हळूच म्हणतात, बिचाऱ्याला आठवत नाही. पुढे पुढे तो मिशनची घंटा ऐकली की मक्याच्या ताटांत जाऊन लपायचा, आणि मका कापून झाल्यावर तर त्याचे हाल कुत्रा खाईना.

माझ्या वाट्याला आला चोल्वे. लुसाकातल्या कुठल्याशा वकिलाचा मुलगा. नावाने टोंगा, पण गाईच्या कोणत्या टोकाला चारा घालायचा हे त्याला बघून ठरवावं लागतं. पोरगा सोन्यासारखा, त्याबद्दल शब्द नाही. दारात गुडघे टेकणार, टाळ्या वाजवणार आणि विचारणार, 'आजी, आज मी तुमच्या काय उपयोगी पडू?' पहिल्याच रविवारी तो असा उपयोगी पडला की अंगण झाडताना वाळत घातलेलं शेंगदाण्याचं बियाणं कचऱ्यात गेलं. दुसऱ्या रविवारी मी प्यायला मक्याचं चिब्वांटू आंबायला ठेवलं होतं, तर याला आंबट वास आला. खराब झालंय, आजी आजारी पडतील, म्हणून त्याने ते ओतून दिलं आणि मडकं राखेने घासून पालथं घातलं. (मडक्याच्या बुडाला जुनं आंबवण असतं, त्याच्यावरच पुढचं आंबतं, हे लुसाकात कोण सांगणार? चिब्वांटू तिथे बाटलीतून येतं.) आणि निघायच्या आधी एक प्रश्न. फादरांनी शिकवलंय म्हणे, दिवस संपताना मागे वळून बघायचं. तर हा पुन्हा गुडघ्यांवर, डोळे मिटून, अगदी मऊ आवाजात मला विचारतो, 'आजी, आज तुम्हाला देव कुठे भेटला?' मी म्हटलं, बाळा, देव काही दिसला नाही, तू माझी खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठवलीस तेवढं दिसलं. यावर तो रागावला नाही. 'धन्यवाद आजी' म्हणाला आणि गेला. अशा पोराचं करायचं काय?

पण मी तरी त्याला धड कुठे ओरडत होते? तुला माहीत आहे मी कशी झाले होते. गेल्या वर्षीच्या थंडीत आपली मिलिमो गेली, त्यानंतर मी कुंपणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पाय धड होते, जायलाच नको वाटायचं. चर्चला नाही, बाजारात नाही, विहिरीवरसुद्धा नाही, पाणी शेजारची आणून द्यायची. लोक मला अजून मिलिमोची आईच म्हणतात, दुसरं काय म्हणणार, पण म्हणताना आवाज खाली घेतात. सगळी वस्ती माझ्या दारात आली की कुजबुजायला लागायची. कोणी मोठ्याने हसलं आणि मी दिसले तर हसू गिळायचे. आणि ताई, मला त्याची सवय झाली होती. मला वाटायचं आता हे असंच, मी मरेपर्यंत लोक माझ्याशी कुजबुजत राहणार.

अशात चोल्वेच्या जोडीची मुलगी मलेरियाने पडली आणि तिच्या जागी दुसरी आली. उंच, काळीभोर, शाळेचा झगा आखूड झालेला, नाव नमाकाऊ. पार मोंगूच्या पलीकडची, अस्सल लोझी. चोल्वे नेहमीसारखा गुडघ्यांवर बसला. ही बसली नाही. कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली, मला वरून खाली न्याहाळलं आणि भल्या मोठ्या आवाजात त्याला म्हणाली, 'ही कोणाची म्हातारी गाय रे दारात बांधून ठेवलीय? दूध तरी देते का?'

चोल्वे जागच्या जागी पांढराफटक पडला. काळ्या माणसाला पांढरंफटक पडताना मी तेव्हाच पाहिलं. आणि मग माझं तोंड माझ्या आधी उघडलं. म्हटलं, 'मघापासून मी म्हणतेय माशांचा वास कुठून येतोय. लोझी आलेत होय. चोल्वे, मडकी झाक, आणि गाई मोजून घे.' ती पोरगी अशी खूश झाली की काय सांगू. सरळ आत आली, माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'गाईंचं बोलणं नंतर, आधी पाणी आण. लांबून चालत आलेय तुझी सेवा करायला.' आता तूच सांग, आपण गाईंवाले टोंगा आणि ते नदीवरचे मासेखाऊ लोझी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे चेष्टेचे भाऊबंद. त्यांनी आपल्याला वाट्टेल ते बोलावं, आपण त्यांना, आपल्या घरातलं त्यांनी उचलून न्यावं आणि यात जो रागावला तोच वेडा ठरायचा. रीत म्हणजे रीत. मी उठले. पाण्याला गेले तर घडा रिकामा, कारण चोल्वेने तो घासून ठेवलेला. आणि ताई, मी घडा घेऊन विहिरीवर गेले. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की मी कुंपणाबाहेर आहे. तिथेच थांबले. मागे वळून पाहिलं तर ती माझ्याच खुर्चीत बसून ओरडते, 'वाट विसरलीस का गं? गाईसुद्धा विहिरीची वाट विसरत नाहीत.'

तेव्हापासून दर रविवारी हेच. चोल्वे माझी सेवा करायचा आणि मी नमाकाऊची. तिला शेंगदाणे भाजून दे, तिला आंबट दूध दे, मक्याच्या पिठाचा न्शिमा घट्ट हवा, इतका पातळ तर आजाऱ्याला देतात. मी शिव्या देत देत रांधायची. (मिलिमो गेल्यावर मी चूल पेटवणं सोडलं होतं. शेजारच्या ताटातलं दोन घास खायची. हे तुला कधी कळवलं नव्हतं, आता कळवते, कारण आता खरं राहिलेलं नाही.) एकदा जाता जाता तिने माझी ठिपक्यांची कोंबडी काखेत मारली. म्हटलं, ठेव ती, चोर मेली. म्हणाली, 'भाऊबंदांचा हक्क आहे. ही आता माझी. वसतिगृहात ठेवायला परवानगी नाही म्हणून तुझ्याकडे राहील, पण खायला तू घालायचंस, आणि वाळलेली दिसली तर गावाच्या प्रमुखाकडे तुझी तक्रार करेन.' आता दुसऱ्याची कोंबडी म्हटल्यावर तिच्याकडे बघावंच लागतं. रोज उठून तिच्यामागे फिरत होते. घारी आहेत, मुंगसं आहेत, लोझींचा काय भरवसा, खरंच तक्रार करतील.

मग तो जुलैचा रविवार आला. तो सांगते, आणि मग तू मला हस नाही तर रड. मिलिमोचं पिवळं चितेंगे दाराआडच्या खुंटीला होतं, ती कमरेला गुंडाळायची ते. मयतीनंतर तिचं सगळं वाटलं, तेवढं एक मी खुंटीवरून काढू दिलं नव्हतं. नमाकाऊने विचारलं, हे कोणाचं? चोल्वेने मागून खाणाखुणा केल्या, गप्प बस म्हणून. (त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की म्हातारीसमोर ते नाव काढायचं नाही.) मीच सांगितलं, माझ्या मुलीचं. तिने कापडाचं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाली, 'तिच्या मयतीला आमच्यातलं कोण आलं होतं?' म्हटलं, कोण येणार, बाजारातला म्हातारा मुबिता आधीच्याच पावसाळ्यात वारला, त्याच्यामागे या बाजूला लोझी उरला कोण? ती म्हणाली, 'म्हणजे कोणीच आलं नाही? कोणी तिची नक्कल केली नाही? कोणी कबरीच्या खड्ड्यात उतरून आडवं पडलं नाही? तुला रडताना कोणी चिडवलं नाही? नुसतंच रडलात आणि पुरलंत?' ताई, ती खरी रागावली होती. ती चेष्टा नव्हती; मयतीत हसवायला चेष्टेचे भाऊबंद हवेतच, ती रीत चुकली होती. घरात मरणाऱ्या माणसाला पाणी न पाजता ठेवलं असतं तर जशी रागावली असती, तशी. तू होतीस ना तिथे. तुला आठवतं ना, किती शांत मयत झाली होती ती. लोक म्हणाले, किती नीट पार पडलं.

आणि तिने ते चितेंगे खुंटीवरून ओढलं, कमरेला गुंडाळलं आणि अंगणात चालायला लागली. कंबर हलवत, नाक वर करून, बाजारातल्या कोणा ठमकणाऱ्या बाईसारखी. चोल्वेच्या हातातला झाडू पडला. मला वाटलं मी आता ओरडणार, हाकलून देणार. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, 'तशी नव्हती चालत ती.' ती थांबली. 'मग कशी चालायची?' म्हटलं, भरभर चालायची, डावा खांदा पुढे काढून, शाळेला कायम उशीर झालेली मास्तरीण ती, दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायची. नमाकाऊ तशी चालली. चुकीची. म्हटलं, खांदा खाली. पुन्हा चुकीची. म्हटलं, अगं तुला जमणार नाही, तुम्ही होडीत बसून वाढलेली माणसं, तुम्हाला चालता कुठे येतं, सरक. आणि मी उठले, ताई, आणि मिलिमोसारखी चालून दाखवली. तरातरा, खांदा पुढे, थेट दारातून आत, आणि चौकटीला खांदा आपटला. चांगला आपटला. तिच्यासारखाच 'मेलं हे दार' म्हणून ओरडले मी, तिच्याच आवाजात. बाहेर नमाकाऊ पोट धरून हसत होती. मग मीही हसले. इतकी हसले की उंबऱ्यावर बसले, आणि मग कधी रडायला लागले ते कळलं नाही. ती माझ्याशेजारी बसून 'मुसमुसून काय रडतेस, टोंगांना रडतासुद्धा येत नाही का धड' म्हणत होती. मी धड रडले. हामूंगा म्हातारा कुंपणापाशी आला, काय झालं विचारायला, आणि बघून टोपी काढून तिथेच उभा राहिला. चोल्वे कोपऱ्यात झाडू धरून रडत होता. त्या दिवशी त्याने तो देवाचा प्रश्न विचारला नाही.

सोळा-सतरा वर्षांची पोर ती. मी पुष्कळ पाहिलंय, तू माझ्याहून जास्त पाहिलंयस, पण असं धाडस मी पाहिलेलं नाही. बिशप येऊन गेले, प्रमुख येऊन गेला, सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, मी त्यांचे आभार मानले आणि पुन्हा बसून राहिले. आणि या पोरीने माझ्या मुलीची नक्कल केली, ती पण चुकीची. मी आजही त्याचा विचार करते तेव्हा थक्क होते. हे तिला शिकवलं कोणी? फादरांनी तर नव्हे. फादरांनी तिला फक्त रविवारी माझ्या दारात पाठवलं.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टात चोल्वे मोठ्या आनंदाने म्हणाला, आजी, हेडगर्लसाठी नमाकाऊचं नाव फार पुढे आहे, मी हेडबॉयसाठी उभा आहे, देवाची इच्छा असली तर आम्ही दोघंही होऊ. मी विचारलं, मग रविवारी कोण येणार? म्हणाला, साधे प्रिफेक्ट येत राहतात, पण हेडगर्ल आणि हेडबॉयला रविवारी शाळेतच थांबावं लागतं, बाकीच्यांना कुठे पाठवायचं ते त्यांनीच बघायचं असतं, तुमच्याकडे दुसरी चांगली मुलगी येईल. चांगली मुलगी. ताई, चांगल्या मुली मला नको होत्या. चांगली माणसं वर्षभर येऊन कुजबुजून गेली होती. मी तेव्हाच ठरवलं की ही हेडगर्ल होता कामा नये. ती पडली पाहिजे, आणि तिला मी पाडणार. मी तिचं वाईट करतेय हे मला कळत होतं. तरी ठरवलं. (तू मला लहानपणापासून अप्पलपोटी म्हणतेस. बरोबर म्हणतेस.)

सभेच्या दिवशी बैलगाडीत बसून शाळेपर्यंत मी मनाशी घोकत होते. हॉल खच्चून भरलेला. बाकीचे म्हातारे आपापल्या पोरांबद्दल बोलले, हामूंगा उठून म्हणाला की त्याच्याकडे आलेली मुलं फार स्वच्छ आहेत आणि लगेच खाली बसला. माझी पाळी आली. आधी चोल्वेबद्दल विचारलं. मी म्हटलं, चांगला मुलगा आहे, नम्र आहे, झाडतो. लोकांनी चारचौघांत वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. मग नमाकाऊ. मी काठीवर दोन्ही हात ठेवले, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सुरुवात केली. म्हटलं, ही पोरगी चोर आहे, हिने माझी कोंबडी नेली. हॉलच्या मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं. म्हटलं, आळशी आहे, एक काडी इकडची तिकडे केली नाही, मला विहिरीवर पिटाळते आणि स्वतः खुर्चीत बसते. आता अर्धा हॉल हसायला लागला. यंदाच नव्याने आलेले लोझी मास्तर पाय आपटायला लागले. म्हटलं, तोंडाळ आहे, मला गाय म्हणते, वयाचा मान नाही, मेलेल्या माणसांचासुद्धा मान ठेवत नाही. टोंगा बायका उभ्या राहून तोंडावर हात मारत किलकाऱ्या द्यायला लागल्या. माझा तोल गेला. मी काठी आपटली आणि म्हटलं, हिला हेडगर्ल करू नका, शाळा बुडेल, मी चेष्टा करत नाहीये.

त्यावर जो गदारोळ झाला, ताई, तो कोणा राजाच्या राज्याभिषेकाला झाला नसेल. फादर डोनलना हसून हसून ठसका लागला, कान लालबुंद झाले, कोणीतरी त्यांच्या पाठीवर थापा मारत होतं. उभं राहता आलं तेव्हा ते म्हणाले, की इतकी वर्षं ही सभा भरते आहे, पण कोणा टोंगाने लोझीची इतकी स्तुती केलेली मी ऐकलेली नाही. मी 'फादर, ऐका, खरं सांगतेय' म्हटलं तर ते माझा हात धरून मला मानाने खुर्चीपर्यंत घेऊन गेले. आता मी काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा भरसभेत लोझीबद्दल मनापासून वाईट बोलायला गेले आणि एकालाही ते खरं वाटलं नाही. गोड बोलले असते तर पडली असती बहुतेक. चोल्वे पडला तो 'नम्र आहे, झाडतो' यावर. आणि नमाकाऊ निवडून आली.

त्यानंतर पहिल्या रविवारी मी फाटकाकडे पाठ करून बसले होते, मुद्दाम. चोल्वे आला, बरोबर एक गोल चेहऱ्याची मुलगी. दोघं टाळ्या वाजवून गुडघ्यांवर बसली. (चोल्वेचं मला खरंच कौतुक वाटलं. हरल्यावर यायची सक्ती नव्हती. आता आंबवणाचं मडकं न घासता ठेवतो, एवढा मात्र शिकलाय.) मुलगी फार हळू बोलते. तिने माझे पाय धुतले, मी धुऊ दिले. निघताना चोल्वे बोलता बोलता म्हणाला, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळेत भेटीचा दिवस, सगळ्यांच्या घरची माणसं टोपलीभर जेवण घेऊन येतात, आमचे लोक लुसाकाहून गाडीने येणार. मी विचारलं, तिचं कोण येतं? म्हणाला, नमाकाऊचं? मोंगूच्या पलीकडून कोण येणार आजी, बसला दोन दिवस लागतात. चार वर्षांत कोणीच आलेलं नाही. ती त्या दिवशी दिसतच नाही कुठे.

असो. उन्हाने हात घामेजलाय आणि कागदाला चिकटतोय, म्हणून आटोपतं घेते. माझी काळजी करू नकोस. मी जेवते, चालते, दाराला खांदा आपटते. इकडे मला कशाचीही गरज नाही. भावोजींना टाळ्या. तू आपली तब्येत जप.

तुझी धाकटी,
मिलिमोची आई

ता. क. मयतीनंतर कपडे वाटले तेव्हा मिलिमोचे तपकिरी बूट तू नेलेस. तेव्हा मी 'ने, ने, खुशाल ने' म्हटलं होतं. ते मी रडत होते म्हणून म्हटलं होतं. ते परत पाठव. लिव्हिंगस्टनहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलेस तरी चालेल. शेवटच्या रविवारच्या आत मिळायला हवेत. मिशनची वाट सगळी खडीची आहे, बैलगाडी त्या दिवशी मिळणार नाही, आणि माझ्याजवळ रबराची चप्पल आहे ती घालून डोक्यावर टोपली घेतली तर मी नाल्यात जाईन. टोपली का, ते विचारू नकोस. कोंबडी शिजवणार आहे, पण तिची ती ठिपक्यांची नव्हे, दुसरी.

ता. क. २. तुझी सून ते बूट घालून चर्चला जाते हे मला कळलंय. ती झोपली असताना काढून घे.

ता. क. ३, दुसऱ्या हातचं. लिव्हिंगस्टनच्या आजी, वस्तीतली पत्रं गोळा करून पोस्टात टाकायचं काम आता हेडगर्लकडे आहे. हे पाकीट उघडंच होतं. (नव्हतं. पण भाऊबंदांचा हक्क असतो.) तुमच्या बहिणीचं अक्षर म्हणजे गाई चिखलातून गेल्यासारखं आहे, तरी सगळं वाचलं. एक गोष्ट तिला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी हॉलमध्ये ती 'मी चेष्टा करत नाहीये' म्हणाली तेव्हा सगळे हसले, फादरसुद्धा. मी नाही हसले. ती खरं बोलतेय हे मला कळत होतं, आणि ती तसं का बोलतेय हेही कळत होतं. मी शाळेसाठी घर सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, नीट जा. जाऊ नकोस असं मला आजवर तिच्याशिवाय कोणीही म्हटलेलं नाही. बूट लवकर पाठवा. नाही पाठवलेत तर ती अनवाणी निघेल, मी तिला ओळखते.